आईला ‘डब्लिनर्स’ सांगताना: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२४

प्रकल्प ठरला. आयरिश लेखक जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा पंधरा कथांचा संग्रह आईला मराठीतून सांगायचा. अनुवाद लिहून वाचायचा नाही. कथा आधी पुरती मनात मुरवायची आणि मग समोर बसून सांगायची.

आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजलेत. कडेचं दिसतं, पण जिकडं बघावं नेमकं तेच दिसत नाही. वाचन तर बंदच झालं. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. दिवाळी अंक घरात आला की फराळ संपायच्या आधी त्यातल्या कथा संपायच्या. गेल्या दिवाळीत अंक आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पानांवरून हात फिरवला, वास घेतला आणि बाजूला ठेवून दिला. तेव्हापासून मी वाचून दाखवते. पण तिनं कधीच न वाचलेलं आणि मला सगळ्यांत प्रिय असलेलं काहीतरी तिला द्यावं, असं फार वाटत होतं. हे पुस्तक मला बी.ए.ला नेमलेलं होतं. तेव्हापासून तीस वर्षं एकटीच वाचत आलेय.

आज उत्साहाच्या भरात एकदम तीन कथा सांगितल्या. एक जेवणाआधी, दोन नंतर. झोपताना आईनं विचारलं, “तो बाजारात उशिरा पोचलेला पोरगा, तोच ना पाद्रीबाबांकडं शिकायला जाणारा?”

मी म्हटलं, नाही गं, त्या वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा मालवल्यावर मात्र विचार करत पडले. पहिल्या तिन्ही कथा एक मुलगा ‘मी’ म्हणून सांगतो आणि तिन्हींत त्याला नाव नाही. तो एकच आहे की तिघे वेगळे, हे जॉइसनं सांगितलेलंच नाही. तीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता, तिला पहिल्याच रात्री पडला.

तरी घाई चुकलीच. तिन्ही कथा एकमेकींत कालवल्या गेल्या. आता पुन्हा पहिल्यापासून. रविवारी एकच कथा. शनिवारी ती दोनदा वाचायची. सांगताना पुस्तक हातात घ्यायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं, म्हणजे कुठं अडखळले ते नंतर ऐकता येईल.

१४ जुलै

कथा पहिली, ‘द सिस्टर्स’. म्हातारे फादर फ्लिन तिसऱ्या झटक्यानं मरायला टेकलेत आणि त्यांच्याकडं शिकणारा मुलगा रोज रात्री रस्त्यावरून त्यांच्या खिडकीच्या उजेडाकडं बघतो. दोन मेणबत्त्यांचा उजेड दिसला की समजायचं, गेले. मग मावशीबरोबर तो त्या घरी जातो. फादरच्या दोघी बहिणी पाहुण्यांना वाइन देतात, बिस्किटं पुढं करतात. मुलगा बिस्किट नको म्हणतो, कारण खाताना फार आवाज होईल असं त्याला वाटतं.

आईनं इथं मला थांबवलं. “परत सांग.” परत सांगितलं. ती म्हणाली, “आमचे आबा गेले तेव्हा मला चहा दिला होता कुणीतरी. फुर्रकन आवाज होईल म्हणून तसाच गार होऊ दिला मी.” मग म्हणाली, चालू दे.

शेवट ऐकून मात्र ती चिडली. एक बहीण सांगत असते की एका रात्री फादर सापडत नव्हते, शोधलं तर चर्चमधल्या कबुलीच्या खोलीत अंधारात एकटेच, टक्क जागे, स्वतःशी हळू हसत बसलेले. तिचं वाक्य तिथंच विरून जातं. आई म्हणाली, “मग? पुढं?” मी म्हटलं, संपली. “अशी कशी संपली? त्याला झालं काय होतं? ही काय गोष्ट झाली?”

पहिल्याच परिच्छेदात मुलाच्या मनात तीन अवघड शब्द घोळतात. त्यातला एक ‘नोमन’, भूमितीतला. समांतरभुज चौकोनाच्या एका कोपऱ्यातून तसाच छोटा चौकोन कापून काढला की जे उरतं ते. आईला चित्र काढून दाखवण्यात अर्थ नाही. कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, कात्रीनं कापलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं बोटांनी कडा चाचपल्या.

“कोपरा गेलाय. कापलेला तुकडा कुठाय?”

“तो द्यायचा नसतो.”

बराच वेळ कागद बोटांत फिरवत बसली. म्हणाली, “माझं उलटं आहे. माझा मधला तुकडा गेलाय.” कागद तिनं चष्म्याच्या घरात ठेवून दिला. चष्मा आता उपयोगाचा नाही, घर अजून उशाशी असतं.

२१ जुलै

‘ॲन एन्काउंटर’. शाळेला दांडी मारून भटकणारी दोन मुलं आणि मैदानात भेटलेला हिरव्या डोळ्यांचा माणूस. सांगताना मला अवघड गेलं. आई एवढंच म्हणाली, “असे असतात. आम्ही पोरांना सहलीला न्यायचो तेव्हा डोळ्यांत तेल घालून असायचो.” जास्त बोलावंसं दोघींनाही वाटलं नाही.

२८ जुलै

‘ॲराबी’. या नावाचा बाजार खरोखरच १८९४ च्या मे महिन्यात डब्लिनमध्ये भरला होता आणि ज्या नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर कथा घडते तिथं जॉइसचं कुटुंब राहायचं. मुलाला मित्राच्या बहिणीसाठी बाजारातून काहीतरी आणायचंय. पैसे काकाकडून मिळायचेत, काका रात्री उशिरा उगवतो, विसरलेला असतो. रिकाम्या आगगाडीत बसून मुलगा पोचतो तेव्हा दुकानं बंद होत आलेली, दोन माणसं तबकावर पैसे मोजताहेत. नाणी पडल्याचा आवाज येतो. मग वरचे दिवे जातात.

रेकॉर्डिंग ऐकताना एक जागा सापडली. कथेच्या पहिल्याच वाक्यात तो रस्ता पुढं बंद असल्याचं आहे आणि इंग्रजीत अशा रस्त्याला ‘आंधळा’ म्हणतात. आईसमोर मला तो शब्द काढवला नाही. ‘पुढं बंद असलेली गल्ली’ असं म्हणून मी सटकले आणि तेवढ्यात माझा आवाज बदललाय, फोनमध्ये स्पष्ट ऐकू येतं. सोमवारी चहाच्या वेळी तिला खरं सांगितलं.

ती म्हणाली, “आंधळी गल्ली आणि शेवटी दिवे गेलेला बाजार. दोन्ही टोकं जुळली असती की गं. तू एक टोक लपवलंस.”

मला फार वाईट वाटलं. तिला जपायला म्हणून केलं आणि कथेचा टाका उसवला. यापुढं माझ्या भीतीपोटी एकही शब्द गाळायचा नाही.

४ ऑगस्ट

‘एव्हलिन’. पुस्तकातली सगळ्यांत लहान कथा. सांगायला चौदा मिनिटं लागली.

खिडकीशी बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी. पडद्याच्या कापडाला धुळीचा वास. फ्रँक नावाच्या खलाशाबरोबर आज रात्रीच्या बोटीनं ब्युनोस आयर्सला पळून जायचंय. बाप दारुडा, अंगावर येणारा. आणि मरताना आईला दिलेलं वचन, जमेल तितकं घर एकत्र ठेवीन. बंदरावर शेवटच्या क्षणी ती लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवते. तो पलीकडून हाका मारतो. ती त्याच्याकडं बघते, पण चेहऱ्यावर ना प्रेम, ना निरोप, ना ओळख.

आईनं “पुढं?” विचारलं नाही. पाच-दहा मिनिटांनी अंधारात बोलली, “मी तुझ्याकडून असलं काही वचन घेतलेलं नाही, हं.”

मी म्हटलं, माहितीय गं आई.

“नाही, सांगून ठेवलं.”

११ ऑगस्ट

‘आफ्टर द रेस’. पैसेवाल्यांची मोटारशर्यत, मग बोटीवर पत्ते, मग हरणं. ही मला संग्रहातली सगळ्यांत पातळ कथा वाटते. शेवटी दार उघडून कुणीतरी ‘उजाडलं’ म्हणतं, तेवढं छान. आईला मध्येच डुलकी लागली. मीही रेटलं नाही.

१८ ऑगस्ट

‘टू गॅलंट्स’. एक जण मोलकरणीला फिरवायला नेतो, दुसरा, लेनहन, रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवरून एकटा भटकत त्याची वाट बघतो. मध्येच एका स्वस्त दुकानात शिरून वाटाण्याची बशी मागवतो. दिवसभर पोटात जवळजवळ काही नाही. त्या गरम वाटाण्यांवर जॉइस इतका रेंगाळतो की हा माणूस लबाड आहे हे माहीत असूनही त्याची भूक आपल्याला लागते. शेवटी पहिला मूठ उघडतो. तळहातावर सोन्याचं छोटं नाणं.

सोमवारी सकाळी पोहे करत होते. आई ओट्यापाशी येऊन म्हणाली, “ते नाणं तिनं स्वतःच्या साठवणीतलं दिलं की मालकाच्या घरातून उचललं?” मी म्हटलं, लिहिलेलं नाही. “मला वाटतं उचललं. इतक्या रात्री ती परत घरात शिरली ना, म्हणून.” मग जरा थांबून, “साठवणीतलं असेल तर जास्त वाईट.” पोह्यांवर झाकण ठेवून दोघी त्यावर अर्धा तास बोललो. कथा रविवारी संपली होती आणि सोमवारी आमच्या स्वयंपाकघरात चालू होती. दिवाळी अंकात एका कथेला लागून दुसऱ्या लेखकाची कथा येते, कविता येते, जाहिरात येते. इथं पुढचा रविवार येईपर्यंत लेनहन आमच्याकडंच राहायला होता.

२५ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर

‘द बोर्डिंग हाउस’ आणि ‘अ लिटल क्लाउड’. पहिलीतली मिसेस मूनी खाटकाची मुलगी. नीतीचे प्रश्न ती सत्तूरनं मांस तोडावं तसे तोडते, ही उपमा आईला फार भावली. “अशी एक हेडबाई होती आमच्याकडं” म्हणून तिनंच तिची गोष्ट सांगितली आणि ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. दुसरीत रडणाऱ्या तान्ह्या बाळावर बाप ओरडतो, तिथं तिनं डोळे मिटून घेतले.

८ सप्टेंबर

घरात गणपती. पाहुणे, आरत्या, मोदक. कथा नाही. पण दुपारी आडवं पडल्यावर आईनं विचारलं, “ह्या बाबाला हे छापायला सोपं गेलं असेल का?” मग पुस्तकाचीच गोष्ट सांगितली.

१९०४ साली जॉइस बावीस वर्षांचा. यातल्या तीन कथा ‘आयरिश होमस्टेड’ या साप्ताहिकात आल्या, टोपणनावानं. ते साप्ताहिक शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीचं. सहकार म्हटल्यावर सांगलीच्या बाईला वेगळं सांगावं लागलं नाही. “म्हणजे दूधसंघाच्या अंकात गोष्ट!” त्याच वर्षी तो आयर्लंड सोडून गेला. १९०५ च्या शेवटी त्यानं इटालियन बोलणाऱ्या त्रिएस्त शहरातून बारा कथा लंडनच्या ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाकडं पाठवल्या. तिथल्या कायद्यानं आक्षेपार्ह मजकुराला छापणाराही जबाबदार धरला जायचा, त्यामुळं मुद्रकच अडून बसला. एका शिवीवरून, काही ओळींवरून पत्रांवर पत्रं झाली आणि पुस्तक परत आलं. मग डब्लिनच्या मॉन्सेल कंपनीशी करार झाला. १९१२ मध्ये छापून तयार असलेले कागदच मुद्रकानं नष्ट केले. जॉइस त्या वेळी डब्लिनमध्ये होता. तो तिथून गेला तो पुन्हा कधी आयर्लंडला आला नाही. शेवटी १५ जून १९१४ ला त्याच ग्रँट रिचर्ड्सनं पुस्तक काढलं.

“दहा वर्षं,” आई म्हणाली. “आणि त्यानं शब्द बदलले नाहीत?”

थोडे बदलले. बहुतेक ठिकाणी भांडला.

पुढं त्याचे डोळे फार बिघडले, कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी आरतीच्या वेळी मला हळूच म्हणाली, “त्याला कोण वाचून दाखवायचं गं?” मी म्हटलं, घरचे, मित्र. तिनं मान हलवली.

१५ सप्टेंबर

‘काउंटरपार्ट्स’. ऑफिसात अपमान झालेला, दारूत पैसे घालवलेला, पंजा लढवण्यात एका पोराकडून हरलेला माणूस घरी येतो. चूल विझलेली. तो लहान मुलाला काठीनं मारतो. मुलगा म्हणत राहतो, मला मारू नका बाबा, मी तुमच्यासाठी प्रार्थना म्हणेन.

रात्री आईला झोप लागली नाही. तिसरीतल्या एका मुलाची पाठ तिला आठवत होती. सदरा वर केला तर वळ. “तेव्हा मी घरी जाऊन बापाला बोलले होते. त्यानं मला पाणी दिलं, बसा बाई म्हणाला.” कथेतल्या बापाचा घरी येण्याआधीचा दिवसही जॉइस दाखवतो, आणि ते जास्त छळतं.

२२ सप्टेंबर

‘क्ले’. या नोंदीत माझी चूक नीट लिहून ठेवायची आहे.

मारिया अगदी लहान चणीची, उतारवयाची बाई. एका लाँड्रीच्या स्वयंपाकघरात काम करते. तिनं कापलेला पाव इतका सारखा असतो की कापलाय हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. हसली की नाकाचं टोक हनुवटीला टेकायला येतं. ऑल सेंट्स या ख्रिस्ती सणाच्या आदल्या रात्री ती जोच्या घरी निघते. जोला तिनं लहानपणी सांभाळलंय. वाटेत दोन शिलिंग चार पेन्सांचा मनुकांचा केक घेते. ट्राममध्ये एक गृहस्थ तिला जागा देतो, गोड बोलतो, त्या गडबडीत केक तिथंच राहतो. घरी पोचल्यावर पिशवीत केक नाही.

मग खेळ. डोळे बांधून बशांवर हात ठेवायचा. अंगठी आली तर लग्न, पाणी आलं तर प्रवास, प्रार्थनेचं पुस्तक आलं तर मठ. मारियाच्या बोटांना मऊ, ओलसर काहीतरी लागतं. कुणी बोलत नाही. मग कुजबुज, बागेचा काहीतरी उल्लेख, आणि घरची बाई शेजारच्या पोरीवर रागावते, टाकून ये म्हणते. मारियाला एवढंच कळतं की काहीतरी चुकलं. दुसऱ्यांदा हात ठेवते तेव्हा पुस्तक येतं.

आणि मी सांगताना म्हणाले, “बशीत माती होती. माती म्हणजे मरण.”

आईनं विचारलं, “मारियाला माहीत होतं?”

“नाही.”

“कुणी सांगितलं तिला?”

“नाही.”

“मग मला का सांगितलंस?”

मला उत्तर देता आलं नाही. मूळ कथेत तो शब्द एकदाही येत नाही. फक्त शीर्षकात येतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात असतो आणि मारियाच्या नसतो. सगळी कथा त्या अंतरात उभी आहे. मी ते अंतरच बुजवलं.

“गोष्टीचं नाव काय म्हणालीस?”

“माती.”

“मग मला कळलं असतं गं. आपल्याकडं मयताला गेलं तरी मातीला गेले होते असंच म्हणतात. पंधरवडा चाललाय, घरोघरी पानं वाढताहेत. मला नसतं कळलं?”

डब्लिनमधली ती रात्रही, मेलेली माणसं जवळ येतात असं मानायची. पितृपक्षात ही कथा आली हा योगायोग, पण तो मला आधी सुचायला हवा होता.

शेवटी मारिया गाणं म्हणते आणि दुसऱ्या कडव्याऐवजी पहिलंच कडवं पुन्हा म्हणते. कुणी चूक दाखवत नाही. जोचे डोळे भरून येतात, त्याला हवी ती वस्तू दिसेना, बुचाचा स्क्रू कुठाय म्हणून तो बायकोला विचारतो. हे मी नीट सांगितलं. आई म्हणाली, “केक ट्राममध्ये राहिला त्याचं मला सगळ्यांत जास्त लागलं. दोन शिलिंग चार पेन्स. तिनं मोजून दिले असतील.”

२९ सप्टेंबर

‘अ पेनफुल केस’. आई मला फार बोलू देत नव्हती, हळू सांग म्हणत होती. मिस्टर डफीच्या मेजाचं झाकण उघडलं की आत विसरलेल्या, पिकून गेलेल्या सफरचंदाचा असावा तसा वास येतो. तो वास तिला शेवटपर्यंत पुरला. डफी अंधारात मालगाडीचा आवाज ऐकतो, मग आवाज थांबतो, आणि आपण एकटे आहोत हे त्याला जाणवतं. सांगून झाल्यावर आमच्या घरामागच्या लाइनवरून खरंच गाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो.

६ ऑक्टोबर

आज मुद्दाम जमवलेलं नव्हतं तरी जमून आलं. ‘आयव्ही डे इन द कमिटी रूम’ ही कथा ६ ऑक्टोबरलाच घडते. आयरिश नेता पार्नेल १८९१ मध्ये याच तारखेला गेला. कथेत पावसाळी संध्याकाळी निवडणुकीचे प्रचारक विझत आलेल्या शेकोटीभोवती बसून पगार मिळणार का, बाटल्या येणार का, याची वाट बघतात. पार्नेलची आठवण निघते. बुच काढायला काही नाही म्हणून बाटल्या शेकोटीजवळ ठेवतात आणि थोड्या वेळानं ‘पॉक’ करून बुच उडतं. कुणी पार्नेलवर कविता म्हणतो, सगळ्यांना भरून येतं, आणि मध्येच आणखी एक ‘पॉक’.

आपल्याकडंही विधानसभेचं वारं सुटलंय. आईनं आयुष्यभर मतदान केंद्रांवर ड्यूट्या केल्या. तिला ती खोली, ओले कोट, बिनपगारी निष्ठा, सगळं दिसत होतं. ‘पॉक’ तिनं स्वतः दोनदा करून बघितला, ओठांनी.

१३ आणि २० ऑक्टोबर

‘अ मदर’ ऐकताना आईनं पहिल्यापासून मिसेस कर्नीची बाजू घेतली. मुलीनं चार कार्यक्रमांत पियानो वाजवायचा, आठ गिनी ठरल्या होत्या, ऐनवेळी हात आखडला. “करार म्हणजे करार. बाईनं मागितले म्हणून ती कजाग झाली होय?” इतक्या वर्षांत मी या बाईकडं अशी पाहिलीच नव्हती. कथा मला तिच्यावर हसायला लावते असंच मी धरून चालले होते.

‘ग्रेस’ लांबली. दोघींनाही ‘द डेड’ची ओढ होती.

२७ ऑक्टोबर

‘द डेड’ दोन संध्याकाळी सांगितली, काल आणि आज.

ही कथा पहिल्या बारांत नव्हती. १९०७ मध्ये त्रिएस्तमध्ये लिहिली. त्याआधी भावाला पाठवलेल्या पत्रात जॉइसनं मान्य केलं होतं की आपण डब्लिनशी जरा जास्तच कठोर वागलो, त्या शहराचा पाहुणचार कथांत आलाच नाही. म्हणून की काय, ही कथा पाहुणचारानंच सुरू होते. काल फक्त पंगतीपर्यंत पोचलो. टेबलाच्या एका टोकाला भाजलेलं हंस, दुसऱ्या टोकाला हॅम, मध्ये जेलीचे रंग, अंजिरं, बदाम-मनुका, उभ्या काचेच्या सुरया. आमच्या घरी मांसाहार नाही, तरी आईनं एकही पदार्थ सुटू दिला नाही. “आणि? आणि काय होतं?” चौदा कथांतल्या गार चुली, वाटाण्याची बशी, हरवलेला केक यांच्यानंतर हे भरलेलं टेबल येतं. ही कथा सुटी वाचली तर ते टेबल नुसतं टेबल राहतं.

आज पुढचं. निघताना गेब्रिएलला जिन्यावर अंधारात एक बाई गाणं ऐकत उभी दिसते आणि ती आपलीच बायको आहे हे त्याला क्षणभरानं कळतं. हॉटेलात ग्रेटा सांगते. गॉल्वेमध्ये मायकेल फ्यूरी नावाचा मुलगा ते गाणं म्हणायचा. गॅस कारखान्यात कामाला, सतरा वर्षांचा, आजारी. ती शहर सोडून जाणार त्या रात्री तो पावसात, बागेच्या टोकाला झाडाखाली येऊन उभा राहिला. घरी जा म्हटलं तर म्हणाला, मला जगायचं नाही. आठवड्यात गेला. ग्रेटा रडत झोपते. गेब्रिएल खिडकीकडं बघतो. काचेवर बर्फाचे हलके टकटक आवाज. साऱ्या आयर्लंडवर बर्फ पडतंय, जिवंतांवर आणि मेलेल्यांवर.

रेकॉर्डिंगमध्ये यानंतर सात मिनिटं नुसता पंख्याचा आवाज आहे.

मग आईचा आवाज: “दोन बहिणींपासून सुरू झालं होतं. हेही दोन म्हाताऱ्या बहिणींचंच घर.”

माझा: “हो.”

“तेव्हा तो पोरगा रस्त्यावरून खिडकीकडं बघत होता. हा आतून बघतोय.”

मी दिवा लावला, पुस्तक काढलं, पहिलं पान आणि शेवटचं पान उघडून बघितलं. तसंच होतं. पेन्सिलीच्या माझ्या इतक्या खुणा त्या पुस्तकात आहेत, ही कुठंच नव्हती.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. मामा विट्याहून आले. ओवाळून झालं, फराळाचं ताट दिलं. मामा म्हणाले, “आक्का, ही तुला दर रविवारी काय ऐकवते म्हणे?”

“बस, सांगते,” आई म्हणाली.

तिनं ‘क्ले’ सांगायला घेतली. नाव सांगितलं नाही. मारियाचं नाक आणि हनुवटी, सारखे कापलेले पाव, ट्राममधला गृहस्थ, दोन शिलिंग चार पेन्स. ती रक्कम तिनं दोनदा सांगितली. मी दारात उभी राहून ऐकत होते. तिनं हात पुढं केला, हवेत, बोटं जराशी पसरून, डोळे बांधलेल्या माणसासारखा.

“मऊ काहीतरी लागलं. ओलं. कुणी बोलेना.”

मामांचा हात करंजीवर थांबला.

“मग कुजबुज झाली. बागेचं काहीतरी म्हणालं कोण. घरची बाई त्या पोरीवर ओरडली, आधी ते टाकून ये.”

“काय होतं बशीत?” मामांनी विचारलं.

आई काही बोलली नाही. हात तसाच होता.

“माती होती का गं, आक्का?”

“तिला कुणी सांगितलं नाही,” आई म्हणाली. “दुसऱ्यांदा पुस्तक आलं. मग सगळे म्हणाले, मारिया, गाणं म्हण.”